गिअरबॉक्स गैरहजर!

दोस्तांनो, एसटीत ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट मिळाली की तुम्ही कुठे बघता? खिडकीबाहेर? छे! डोळे लागलेले असतात ड्रायव्हरकाकांच्या डाव्या हाताकडे. डाव्या पायाने क्लच दाबला, हाताने तो लांबलचक दांडा ओढला, पाय अलगद सोडला, की गाडीचा सूर बदलला! घाट लागला की हीच कसरत पुन्हा पुन्हा. ज्या गाडीत हे काम माणूस स्वतःच्या हातापायांनी करतो, ती मॅन्युअल गिअरची गाडी. आणि जी गाडी हे काम आपलं आपण उरकते, जिच्यात क्लचचं पेडल औषधालाही सापडत नाही, ती ऑटोमॅटिक.

अमेरिकेत ही ऑटोमॅटिक गाडी फार जुनी. जनरल मोटर्स कंपनीने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारीत ‘हायड्रामॅटिक’ नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स देऊ केला. तिकडच्या लोकांना हा प्रकार इतका आवडला, की आज तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत क्लचची गाडी शंभरात जेमतेम एखाददुसरी. पण हौसेला मोल नसतं! त्याच अमेरिकेत असे कितीतरी हौशी लोक आहेत, जे जुनी ऑटोमॅटिक मोटार विकत घेतात, तिच्या पोटातला गिअरबॉक्स काढून टाकतात आणि त्या जागी साधा, हाताने बदलायचा गिअरबॉक्स बसवतात. कुणाला दांडा खटाखट हलवत गाडी पळवण्याची मजा हवी असते. कुणाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडलेला असतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकूनच त्याला घाम फुटलेला असतो.

ऐकायला सोपं वाटतं, नाही? आणि लोखंडापुरतं ते खरंच सरळ आहे. गाडी वर उचलायची, जुना गिअरबॉक्स उतरवायचा, इंजिनच्या मागे नवं फ्लायव्हील आणि क्लचप्लेट बसवायची, नवा गिअरबॉक्स चढवायचा, पायाशी तिसरं पेडल जोडायचं. नखांत ग्रीस जातं, कंबर धरते, पण जे करायचं ते डोळ्यांना दिसतं. मग शेवटचा नट आवळून मालक ऐटीत सीटवर बसतो, किल्ली फिरवतो आणि...

काहीच होत नाही! साधी ‘टिक्’सुद्धा नाही. किंवा गाडी सुरू होते, पण समोरचा पिवळा दिवा जो लागतो तो विझायचं नाव घेत नाही.

लोखंड तर बरोबर बसलंय. मग बिनसलं कुठे? अहो, गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलेलंच नाही, की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आता घर सोडून गेला!

ही भानगड समजून घ्यायला आपण एकच गाडी घेऊ या. फोर्ड कंपनीची मस्टँग. तरुण पोरांची लाडकी, दणदणीत आवाजाची अमेरिकन मोटार. गंमत अशी, की १९९३ सालची मस्टँग आणि १९९४ सालची मस्टँग, दोघींच्या नाकाखाली पाच लिटरचं तेच आठ सिलिंडरचं इंजिन. पण गिअरबॉक्स बदलायला घेतला, तर पहिली गरीब गाय आणि दुसरी शंभर प्रश्न विचारणारी मास्तरीण!

तेलाचे पाट

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात तेल असतं आणि त्या तेलाचा दाब म्हणजेच त्याचे स्नायू. दाब एका क्लचवर आला की पहिला गिअर, दुसऱ्या भागावर आला की दुसरा. हा दाब कधी कुठे पाठवायचा, हे ठरतं ‘व्हॉल्व्ह बॉडी’ नावाच्या एका जाड, चपट्या धातूच्या तुकड्यात. त्यात नागमोडी खाचा असतात, एखाद्या भुलभुलैयासारख्या. शेताला पाणी देताना दारं मोडतात, ते तुमच्यापैकी गावाकडच्यांनी पाहिलं असेलच. एका वाफ्याचं दार मातीने बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं, की पाटाचं पाणी निमूटपणे नव्या वाफ्यात शिरतं. इथेही तेच. फक्त पाण्याऐवजी तेल आणि फावड्याऐवजी मागेपुढे सरकणाऱ्या छोट्या झडपा.

पण दार कधी मोडायचं हे त्या झडपांना सांगतं कोण?

१९९३ च्या मस्टँगमध्ये ‘एओडी’ नावाचा गिअरबॉक्स होता. त्याचे दोन खबरे. एक म्हणजे गव्हर्नर. हा चाकांकडे जाणाऱ्या दांड्याबरोबर गरगर फिरायचा आणि गाडी किती पळतेय ते तेलाच्या दाबाच्या भाषेतच कळवायचा. दुसरी खबर एका पोलादी केबलने यायची. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर जेवढा दाबला तेवढी केबल ओढली जायची. झालं! गिअर बदलायला ना कॉम्प्युटर, ना वीज. इंजिनला कॉम्प्युटर होता, पण मागे गिअरबॉक्स काय करतोय याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं.

म्हणून या मस्टँगचा गिअरबॉक्स बदलणं म्हणजे मुख्यतः पान्यांचं काम. १९८९ ते १९९३ च्या पाच लिटरच्या मस्टँगमध्ये ऑटोमॅटिकसाठी ‘ए नाइन पी’ आणि मॅन्युअलसाठी ‘ए नाइन एल’ अशा खुणेचे दोन कॉम्प्युटर मिळायचे. शौकीन लोक त्यावर तासन् तास वाद घालतात, पण खरं सांगायचं तर जुना ‘ए नाइन पी’ तसाच ठेवूनही मॅन्युअल गाडी चालते.

मग आलं १९९४ साल आणि ‘एओडीई’. शेवटी एक ‘ई’ लागला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक! गव्हर्नर गेला, केबल गेली. आता इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरच गिअरबॉक्सचाही मालक झाला. तेलाची दारं मोडायला त्याने चार चाकर ठेवले. त्यांना म्हणतात सॉलेनॉइड. सॉलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं. तुम्ही शाळेत खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळून, सेल जोडून टाचण्या उचलल्या असतील, तोच हा विद्युतचुंबक. वीज आली की तो झडप ओढतो. यातले दोन चाकर गिअर बदलणारे, एक तेलाचा दाब राखणारा आणि एक ‘टॉर्क कन्व्हर्टर’ला जखडून टाकणारा.

थांबा, टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय ते आत्ताच सांगून टाकतो, पुढे लागणार आहे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने बंद असलेल्या पंख्याची पातीसुद्धा हळूहळू फिरायला लागतात. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असे दोन पंखे असतात, हवेऐवजी तेलात बुडालेले. म्हणूनच गाडी सिग्नलला उभी असताना क्लच न दाबताही इंजिन बंद पडत नाही. मॅन्युअल गाडीत मात्र क्लचप्लेट एकदा चिकटली, की इंजिन आणि चाकं यांची घट्ट गाठ.

चाकरांबरोबर कॉम्प्युटरने खबरेही नेमले. दांडा ‘पार्क’मध्ये आहे, ‘रिव्हर्स’मध्ये आहे, ‘न्यूट्रल’मध्ये आहे की ‘ड्राइव्ह’मध्ये, ते सांगणारा एक सेन्सर. तेल किती तापलंय ते सांगणारा दुसरा. बाहेर पडणारा दांडा किती वेगाने फिरतोय ते मोजणारा तिसरा. आता तुम्हीच सांगा, गिअरबॉक्स उपटून काढला तर एका झटक्यात किती आवाज बंद झाले? चार चाकर आणि तीन खबरे, सातच्या सात! आणि त्यांच्या जागी जो साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आला, तो बिचारा बोलतच नाही. त्याच्या अंगावर दोन-तीन वायरी असल्या तर डोक्यावरून पाणी.

खोटी हजेरी

वर्गात बाई हजेरी घेतात. “एकवीस?” “हजर, बाई!” “बावीस?” ...शांतता. “बावीस?” बावीस नंबर गेलाय क्रिकेटची मॅच बघायला. मग मागच्या बाकावरून त्याचा दोस्त आवाज बदलून ओरडतो, “हजर, बाई!”

गाडीचा कॉम्प्युटर थेट अशीच हजेरी घेतो. किल्ली फिरवल्यापासून तो प्रत्येक सॉलेनॉइडची चौकशी करत असतो. मी वीज सोडली, तर वाटेत ठरलेला रोध लागतोय का? लागला तर तार शाबूत. काहीच लागलं नाही तर तार तुटलेली. रोध शून्य असेल तर शॉर्ट झालेली. गैरहजर सापडला की कॉम्प्युटर आपल्या वहीत एक नंबर लिहून ठेवतो. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या मोटारींना हे नंबर एकाच पद्धतीने लिहिणं सक्तीचं झालं. उदाहरणार्थ ‘पी ०७५०’ म्हणजे गिअर बदलणाऱ्या पहिल्या सॉलेनॉइडमध्ये गडबड. ‘पी ०७०५’ म्हणजे दांडा कुठे आहे ते कळेना. ‘पी ०७२०’ म्हणजे बाहेर पडणाऱ्या दांड्याचा वेग कळेना. मेकॅनिक आपलं यंत्र जोडतो आणि ही वही वाचतो.

आता हौशी मंडळींची पहिली युक्ती कोणती असेल? बरोब्बर, खोटी हजेरी! सॉलेनॉइडच्या जागी तेवढ्याच ओहमचा साधा रोध जोडून द्यायचा. कॉम्प्युटर वीज सोडतो, त्याला हवा तेवढा रोध लागतो, तो खूश!

पण यात एक खड्डा आहे, आणि नववी-दहावीच्या दोस्तांना तो वहीवरच सापडेल. समजा सॉलेनॉइडचा रोध २४ ओहम आहे आणि बॅटरी १२ व्होल्टची. ओहमच्या नियमाने धारा आली १२ भागिले २४, म्हणजे अर्धा अँपिअर. आता शक्ती काढा. १२ गुणिले अर्धा, म्हणजे ६ वॉट. आणि इंजिन चालू असताना गाडीत १२ नव्हे, १४ व्होल्टच्या आसपास असतात, तेव्हा हाच आकडा ८ वॉटच्या वर जातो. रेडिओच्या दुकानात मिळणारा तो रंगीत पट्ट्यांचा चिमुकला रोध पेलतो पाव वॉट. वीज सतत राहिली तर तो बघता बघता काळा पडणार, आणि डॅशबोर्डच्या आत जळका वास! म्हणून तिथे हवा चिनीमातीच्या आवरणातला दहा-वीस वॉटचा जाडजूड रोध, तोही धातूच्या पत्र्यावर बसवलेला. खऱ्या सॉलेनॉइडला ही अडचण का येत नाही? कारण तो गिअरबॉक्सच्या तेलात डुंबत असतो. उष्णता तेल घेऊन जातं.

बरं, हजेरी तर लागली. पण बाईंनी बावीस नंबरला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर?

तसंच होतं. कॉम्प्युटर नुसती हजेरी घेऊन थांबत नाही, तो कामही तपासतो. समजा कॉम्प्युटरच्या मते गाडी आता तिसऱ्या गिअरमध्ये आहे. एओडीईच्या तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनकडचा दांडा एकदा फिरला की बाहेरचाही एकदाच फिरतो. म्हणजे बाहेरचा दांडा मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर इंजिनही साधारण १,५०० च्या जवळपास हवं. पण ड्रायव्हरने तर हाताने दुसरा गिअर टाकलाय! मस्टँगच्या पाच गिअरवाल्या ‘टी-फाइव्ह’ गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरला इंजिनचे जवळजवळ २ फेरे झाले की बाहेरचा एक होतो. म्हणजे इंजिन फिरतंय ३,००० च्या आसपास. कॉम्प्युटर चक्रावतो. १,५०० हवे होते, ३,००० कसे? नक्कीच गिअर आतल्या आत घसरतोय! लिहा वहीत! १९९६ नंतरच्या गाड्यांत यासाठी ‘पी ०७३१’ ते ‘पी ०७३४’ असे पहिल्या ते चौथ्या गिअरचे नंबर राखून ठेवलेले आहेत. मुका रोध ‘हजर’ म्हणू शकतो, गणित सोडवू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, लिहू दे की नंबर! गाडी तर पळतेय ना?

पळते, पण कशी? अनेक गाड्यांत गिअर बदलताना धक्का बसू नये म्हणून कॉम्प्युटर त्या क्षणापुरती इंजिनची ताकद कमी करतो. सिलिंडरमधली ठिणगी थोडी उशिरा पाडतो. आता गिअरबॉक्स नाही, तरी कॉम्प्युटर आपल्या मनातल्या मनात ‘आता दुसरा, आता तिसरा’ करतच असतो. मग भर चढावर, ड्रायव्हरला जोर हवा असतो तेव्हाच इंजिन क्षणभर मान टाकतं. काही गाड्यांत तर गडबड फार वाटली की कॉम्प्युटर आजारी माणसासारखा ‘जपून चाला’ची आज्ञा देतो. मग ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी लंगडतच चालणार.

आणि तो पिवळा दिवा? तो सारखाच जळत राहिला तर सगळ्यांना त्याची सवय होते. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आठवते ना? गिअरबॉक्स नाही म्हणून दिवा रोजच लागलेला. मग एके दिवशी इंजिनमध्ये खरोखरीचा बिघाड झाला, तर तो सांगणार कोण? दिवा तर आधीच लागलाय! शिवाय अमेरिकेतल्या अनेक राज्यांत १९९६ नंतरच्या गाड्यांची प्रदूषण तपासणी करताना हा दिवा आणि ती वही बघतात. दिवा जळत असेल तर गाडी नापास.

सगळ्यात वाईट थाप

आता ती किल्ली फिरवल्यावर ‘टिक्’सुद्धा न होणारी गाडी. ही गोष्ट जरा सावकाश वाचा. आईबाबांनाही वाचून दाखवा.

ऑटोमॅटिक गाडीचा दांडा ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये असेल तरच स्टार्टरला वीज जाते. दांडा ‘ड्राइव्ह’मध्ये ठेवून कितीही किल्ली फिरवा, गाडी ढिम्म. ही काळजी दांड्याच्या सेन्सरमधलाच एक स्विच घेतो. गिअरबॉक्सबरोबर तो स्विचही गेला. स्टार्टरची वायर तिथेच अर्धवट लोंबकळत राहिली. मग गाडी सुरू होणार कशी?

ही अडचण सोडवायला लागतो एक मिनिट. बोटभर तारेने दोन्ही टोकं जोडून द्या! गाडी पहिल्या फटक्यात सुरू. कॉम्प्युटरला वाटतं, गाडी कायमची ‘न्यूट्रल’मध्ये आहे. मालक खूश, दोस्तमंडळी खूश.

पण जरा पुढचं चित्र बघा. मॅन्युअल गाडी उतारावर उभी करताना पुष्कळ लोक ती पहिल्या गिअरमध्ये ठेवतात. ती सरकू नये म्हणून, चांगलीच सवय आहे ती. दुसऱ्या दिवशी घरातलं दुसरंच कुणी येतं, क्लच न दाबता सहज किल्ली फिरवतं. स्टार्टर इंजिन फिरवतो. इंजिनची गाठ क्लचमधून थेट चाकांशी. मध्ये तेलातले पंखे नाहीत आता! गाडी बेडकासारखी टुणकन पुढे उडी घेते. इंजिन पेटलं तर नुसती उडी नाही, ती पुढे जातच राहते. समोर गॅरेजची भिंत असेल तर बंपर गेला म्हणून सोडून देता येईल. पण समोर नेहमी भिंतच असते असं नाही ना! कुणीतरी वाकून बुटाची नाडी बांधत असतं, कुणाचा चेंडू गाडीखाली गेलेला असतो.

म्हणून अमेरिकेत कारखान्यातून निघणाऱ्या मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. पेडल पूर्ण दाबलं तरच स्टार्टरला वीज. गिअरबॉक्स बदलणाऱ्या शहाण्या माणसाने ती लोंबकळणारी वायर सरळ जोडायची नाही, या क्लचच्या स्विचमधून फिरवून आणायची. एक स्विच, दोन वायरी आणि अर्ध्या तासाचं काम, बस्स. माझ्या मते सबंध उद्योगात याच्याइतकं महत्त्वाचं काम दुसरं नाही, आणि नेमकं हेच ‘नंतर करू’ म्हणून राहून जातं.

त्याच सेन्सरमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते. मागचा पांढरा दिवा! दांडा ‘रिव्हर्स’मध्ये नेला की तो लागतो आणि मागच्या माणसाला कळतं, की गाडी मागे येतेय, बाजूला व्हा. मॅन्युअल गिअरबॉक्सवर यासाठी वेगळा स्विच असतो, पण त्याची वायर गाडीच्या जुन्या वायरीशी कुणीतरी आठवणीने जोडायला हवी. ड्रायव्हरला आपला मागचा दिवा सीटवरून दिसत नाही. त्यामुळे राहून गेलं तर त्याला पत्ताच लागत नाही.

तिसरी गंमत क्रूझ कंट्रोलची. लांबच्या सरळ रस्त्यांवर ड्रायव्हर एक बटण दाबतो आणि गाडी आपणच तोच वेग धरून ठेवते. ऑटोमॅटिकमध्ये क्लच नाही, त्यामुळे क्लच दाबल्यावर काय करायचं हे या यंत्रणेला शिकवलेलंच नसतं. ड्रायव्हरने गिअर बदलायला क्लच दाबला, इंजिन मोकळं सुटलं, यंत्रणेला वाटलं वेग कमी होतोय, तिने दिला आणखी जोर! इंजिन किंचाळायला लागतं. इथेही उपाय तोच. पेडलवरच्या स्विचची खबर क्रूझ कंट्रोलला द्यायची.

खरं सांगून टाकणं

खोट्या हजेरीपेक्षा बाईंना सरळ सांगितलं तर? “बावीस नंबरने शाळा सोडली, त्याचं नाव पटावरून काढा.”

हाच दुसरा मार्ग. १९९४-९५ च्या मस्टँगमध्ये त्याच वर्षाच्या मॅन्युअल मस्टँगचा कॉम्प्युटर आणून बसवायचा. त्याच्या पटावर सॉलेनॉइडची नावंच नाहीत. तो हजेरी घेणारच नाही. पण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात चोरांपासून बचाव म्हणून किल्लीच्या मुठीत चिप आली. गाडी आपली किल्ली ओळखते, मगच इंजिन सुरू होऊ देते. आता दुसऱ्या गाडीचा कॉम्प्युटर आणून बसवला, तर तो ओळखणार त्याच्या जुन्या घरची किल्ली. तुमच्या किल्लीला तो चोरच समजणार! मग योग्य ते यंत्र जोडून त्याची नव्या किल्लीशी ओळख करून द्यावी लागते.

त्याहून नव्या गाड्यांत कॉम्प्युटर बदलण्याऐवजी त्याच्या आतलाच मजकूर बदलतात. स्टिअरिंगखाली १६ टाचण्यांची एक खोबण असते. तिच्यात केबल लावून जुना प्रोग्रॅम पुसायचा आणि मॅन्युअलचा लिहायचा. हे नीट केलं तर गाडी कारखान्यातून मॅन्युअलच निघाली असावी अशी चालते. सिग्नलला उभी असतानाचा इंजिनचा वेगसुद्धा ठीक राहतो, कारण ते तेलातले पंखे आता ओढायचे नाहीत हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं.

मात्र हल्लीच्या गाड्यांत आणखी एक पेच. आता एका गाडीत एक-दोन नव्हे, कॉम्प्युटरांचं अख्खं मोहल्ला-मंडळ असतं. इंजिनचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, डॅशबोर्डचा वेगळा. हे सगळे पीळ घातलेल्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. या पद्धतीचं नाव ‘कॅन’. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर सेकंदाला कित्येक वेळा ओरडत असतो, “मी अमुक गिअरमध्ये आहे, तेल इतकं तापलंय!” तो काढून टाकला, की इंजिनचा कॉम्प्युटर लिहितो ‘यू ०१०१’, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलं. आणि मग एकाने लिहिलं म्हणून दुसराही घाबरतो. घसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळणारी ब्रेकची यंत्रणाही कधी कधी “मला काही कळेना, मी बंद!” म्हणून मोकळी होते. गिअरबॉक्सशी तिचा संबंध काय, असं वाटेल. पण चाकाला किती जोर पोचतोय याचा हिशेब तिला कुणीतरी द्यायला हवा ना!

यावरही बहाद्दरांनी तोड काढलीच आहे. काडेपेटीएवढं एक सर्किट, त्यात एक स्वस्तातली चिप. ती त्या दोन वायरींवर बसून गेलेल्या कॉम्प्युटरच्या आवाजात बोलत राहते, “मी आहे, सगळं ठीक आहे!” हुशारी कबूल. पण मला विचाराल तर हीसुद्धा मागच्या बाकावरचीच हजेरी, फक्त जास्त सफाईदार. ब्रेकच्या यंत्रणेला ती कोणता गिअर सांगते? ड्रायव्हरने टाकलेला खरा, की कायमचा एकच ठोकून दिलेला? हे ज्याने बनवलं त्याला विचारल्याशिवाय मी तरी त्या गाडीत बसणार नाही.

आपल्याकडे मात्र याच गोष्टीची उलटी बाजू बघायला मिळते. २०१४ साली मारुती कंपनीची सेलेरिओ मोटार आली, तिच्यात आतला गिअरबॉक्स साधा, मॅन्युअलच. फक्त क्लच दाबायला आणि दांडा हलवायला माणसाऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमतीतलं यंत्र. म्हणजे तिकडे कॉम्प्युटरच्या हातातून गिअर काढून माणसाला द्यायची धडपड, आणि इथे माणसाच्या हातातून काढून कॉम्प्युटरला!

बरं, समजा आपल्या मस्टँगवाल्याने सगळं चोख केलं. क्लचचा स्विच जोडला, मागचा दिवा लागतो, प्रोग्रॅम मॅन्युअलचा लिहिला, पिवळा दिवा विझला. आता काळजी मिटली? अजून एक राहिलंच. १९८१ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक मोटारीला १७ अक्षरांचा आणि आकड्यांचा एक नंबर असतो. हा तिचा जन्मदाखलाच म्हणा. कंपनीच्या दप्तरात त्या नंबरापुढे गाडी ‘ऑटोमॅटिक’ म्हणून जन्मली अशी नोंद कायमची असते. दोन वर्षांनी भलत्याच कामासाठी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते. तिथला माणूस चांगल्या मनाने म्हणतो, “तुमच्या गाडीचा प्रोग्रॅम जुना झालाय, नवा घालून देतो.” तो नंबर टाकतो, केबल लावतो, बटण दाबतो. संध्याकाळी मालक गाडी घेऊन निघतो, पहिल्याच सिग्नलला पिवळा दिवा लागतो, आणि आतमध्ये कॉम्प्युटर पुन्हा विचारायला लागलेला असतो, “बावीस? बावीस कुठाय?”